फराहबक्ष महाल : एका जलवेष्टित वास्तूची चिकित्सा

१

अहमदनगर शहराच्या आग्नेयेस, सोलापूरच्या वाटेकडील लष्करी हद्दींत, एका विस्तीर्ण हौदाच्या मध्यभागीं एक प्रचंड अष्टकोनी इमारत उभी आहे. दप्तरांत तिचें नांव फराहबक्ष, लोकांच्या तोंडीं फराबाग. शहराचें व जिल्ह्याचें सरकारी नांव इ. स. २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे; परंतु प्रस्तुत विवेचन निजामशाही काळाचें असल्यानें जुन्या साधनांत येणारें नांवच येथें योजिलें आहे. या इमारतीसंबंधीं तीन विधानें प्रवासवर्णनांतून, मार्गदर्शक पुस्तिकांतून व सभांतील व्याख्यानांतून वारंवार ऐकूं येतात. पहिलें, हा खंदकानें वेढलेला संरक्षित वाडा होय. दुसरें, हें एका वेडसर सुलतानाचें केवळ विलासस्थान होय. तिसरें, आग्ऱ्याचा ताजमहाल याच इमारतीवरून घेतला. तीनही विधानें सांगावयास सोपीं, ऐकावयास गोड आणि पुराव्याच्या दृष्टीनें दुबळीं आहेत. त्यांची परीक्षा करावी आणि ओघानेंच या वास्तूच्या सांप्रतच्या उपयोगाविषयीं दोन शब्द लिहावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कोणी म्हणेल, एका पडक्या इमारतीविषयींचीं लोकांचीं मतें खोडून काढण्यांत काय पुरुषार्थ? त्यास उत्तर असें कीं, इमारतीची निगा ती काय आहे या समजुतीवर अवलंबून असते. जी वास्तु किल्ला मानली जाते तिच्या भिंती सांभाळतात. जी ताजमहालाची धाकटी बहीण मानली जाते तिच्या घुमटाचें छायाचित्र घेतात. पण जिचा प्राण पाण्यांत आहे तिचें पाणी कोणीच सांभाळीत नाहीं. फराहबक्षाचें नेमकें हेंच झालें आहे.

२

प्रथम ‘खंदक’ या शब्दाचा विचार करूं. संस्कृतांत त्यास परिखा म्हणतात. परि हा उपसर्ग व खन् हा धातु, म्हणजे भोंवतीं खणलेली. खंदक हा शब्द अरबींतून फार्सींत व फार्सींतून आपल्याकडे आला असला, तरी तो मूळचा जुन्या इराणी भाषेंतील असून त्याचाही अर्थ ‘खणलेला’ असाच आहे. ती धातु आणि आपला खन् हे एकाच कुळांतले. म्हणजे दोन्ही शब्दांचा आत्मा खणण्यांत आहे, पाण्यांत नाहीं. कौटिल्यानें दुर्गविधानांत तीन परिखा सांगितल्या व त्यांची रुंदी अनुक्रमें चौदा, बारा व दहा दंड ठेवावी असें म्हटलें. त्यांत कमळें व मगरी असाव्या असेंही सांगितलें. कमळें शोभेचीं खरीं, पण मगर शोभेची नव्हे. परिखेचें काम शत्रूस अडविणें हें होय. ती कोरडी असली तरी परिखाच राहते.

उलट, फार्सी वास्तुपरंपरेंत ज्यास हौज म्हणतात व मराठींत आपण हौद म्हणतों, तें अगदीं निराळें पात्र आहे. हौद बांधलेला असतो, त्याचा तळ व कांठ घडवलेला असतो, त्यांत पाणी आणून भरावें लागतें, आणि तें नितळ व स्थिर राहील अशी तजवीज करावी लागते. हौद कोरडा पडला म्हणजे तो हौद राहत नाहीं, खड्डा होतो. फराहबक्ष हा खंदकानें वेढलेला नसून हौदांत उभा आहे. भोंवतीं तट नाहीं, बुरूज नाहीं, जंग्या नाहींत. उलट चारही अंगांस उंचच उंच कमानी उघड्या टाकलेल्या आहेत. ज्या घरास शत्रूची धास्ती आहे त्या घराचा गवंडी अशा कमानी घालीत नाहीं.

हा भेद समजण्यास फार दूर जावयास नको. तेथून थोड्याच अंतरावर नगरचा भुईकोट किल्ला आहे. हुसेन निजामशहानें इ. स. १५५९ ते १५६२ च्या सुमारास तो दगडी बांधून काढला. त्याच्या भोंवतालीं खरा खंदक आहे. चांदबिबीनें इ. स. १५९५-९६ त मोगलांचा वेढा सोसला तो याच तटाच्या आंत. इ. स. १८०३ च्या ऑगस्टांत वेलस्लीनें ८ तारखेस पेठ व १२ तारखेस किल्ला घेतला तोही हाच. पुढें ऑगस्ट १९४२ मध्यें काँग्रेसच्या कार्यकारिणीच्या सभासदांस येथेंच आणून ठेवण्यांत आलें. पंडित नेहरूंनीं आपला भारतशोधाचा ग्रंथ व मौलाना आझादांनीं आपला पत्रसंग्रह याच कोटांत लिहिला. शत्रूस बाहेर ठेवण्यासाठीं खणलेला खंदक अखेर आंतल्या माणसांस आंत ठेवण्याच्या कामीं आला. परिखेचें स्वरूप असेंच आहे. ती दोन्ही बाजूंनीं अडविते. फराहबक्षाचा हौद मात्र कोणासच अडवीत नाहीं. तो केवळ दाखवितो.

इंग्लंडांत जलवेष्टित जमीनदारी घरांची मोठी परंपरा आहे. तेथें अशीं हजारों स्थळें नोंदलेलीं असून त्यांतील बहुतेक तेराव्या-चौदाव्या शतकांतलीं आहेत. तेथील अभ्यासकांनींही आतां असें ठरविलें आहे कीं, त्या पाण्याचा उपयोग लढाईपेक्षां प्रतिष्ठा, मासे आणि जमिनीचा निचरा यांसाठींच अधिक होता. परंतु तो देश ओला आहे. तेथें भोंवतालीं चर खणला कीं पाणी आपोआप सांचतें. आमच्याकडील जमीनदारी घर म्हणजे गढी. गढीचें संरक्षण उंचीनें, पांढऱ्या मातीच्या जाड भिंतीनें व कोपऱ्यांवरील बुरुजांनीं होतें. पाण्यानें सहसा नव्हे. कारण उघड आहे. नगर जिल्ह्यांत वर्षाकाठीं वीस-पंचवीस इंच पाऊस पडतो, आणि काळ्या कातळावर घराभोंवतीं पाणी टिकवून धरणें हें कोणा देशमुखाच्या ऐपतींतलें काम नव्हे. ज्या मुलखांत पाण्याचा घडा डोक्यावर कोसभर आणावा लागे, त्या मुलखांत एखाद्यानें पाण्याच्या मध्यें महाल बांधला तर त्यानें तटापेक्षां मोठी गोष्ट जगास सांगितली: पाणी माझ्या आज्ञेंत आहे. आमच्या मतें फराहबक्षाच्या हौदाचा अर्थ हा आहे.

संस्कृत वाङ्मयाशीं परिचय असणाऱ्यांस ही कल्पना परकी वाटूं नये. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रांत समुद्रगृह येतें, वात्स्यायनही त्याचा उल्लेख करतो; भोजाच्या समरांगणसूत्रधारांत धारागृहांचें सविस्तर विधान आहे. पाण्याच्या सान्निध्यानें घर थंड करावें व त्यायोगें ऐश्वर्य दाखवावें ही राजनीति येथें जुनीच होती. निजामशाहीनें तिला इराणी पोषाख दिला. त्याच नगरांत उत्तरेस सावेडीच्या बाजूला हश्त बिहिश्त नांवाच्या बागेंत हौदाच्या मध्यें अष्टकोनी महाल होता व त्याचे अवशेष आहेत. फराहबक्ष हा एकाकी चमत्कार नसून एका घराण्याच्या आवडीचा परिपाक आहे, हें त्यावरून ठरतें.

३

हौद म्हटला कीं नळ आला. नगर शहर निजामशहांनीं वसविलें तें नदीच्या भरवशावर नव्हे, तर नळांच्या भरवशावर. कापूरवाडी, वडगांव, शेंडी इत्यादि गांवांच्या बाजूंनीं खापरी नळांतून पाणी आणून तें महालांस, मशिदींस, हमामांस व मोहल्ल्यांच्या हौदांस वांटलें जाई. भातवडीच्या तलावाचें कर्तृत्व परंपरेनें सलाबतखानाकडे जातें. हाच तलाव इ. स. १६२४ च्या लढाईंत कामास आला; मलिक अंबरानें त्याचें पाणी सोडून मोगल व आदिलशाही सैन्याची वाट चिखलांत बुडविली. त्या रणांत शहाजी राजांचे बंधु शरीफजी पडले. परमानंदाच्या शिवभारतांत हा प्रसंग आला असून सदाशिव महादेव दिवेकर यांनीं तो ग्रंथ इ. स. १९२७ त प्रसिद्ध केल्यापासून महाराष्ट्रांतील वाचकांस तो परिचित आहे. सांगावयाचें तें इतकेंच कीं, निजामशाहीच्या लेखीं पाणी हें एकाच वेळीं शोभा, सोय व शस्त्र होतें. ज्यास पाणी साठवितां येतें त्यास तें सोडतांही येतें.

आम्ही राहात्यास राहतों. येथील पेरूच्या बागा गोदावरीच्या उजव्या कालव्यावर झाल्या. कालव्याचें आवर्तन चुकलें तर बागेचें काय होतें हें येथील कोणत्याही माळ्यास विचारावें. तो झाडाकडे बोट न दाखवितां पाटाकडे दाखवील. फराहबक्षाचें वर्णन करणारे लेखक मात्र बहुधा झाडाकडेच पाहतात. कमानी किती उंच, घुमट किती रुंद, चुन्याची नक्षी कोठें शिल्लक आहे, याचें वर्णन मिळतें; नळ कोठून आला, हौदांत पाणी कोठून शिरे व कोठून बाहेर पडे, बागेचे पाट कोणत्या उतारानें गेले, याविषयीं दोन ओळीही नसतात. पाट वगळून केलेलें बागेचें वर्णन म्हणजे क्रियापद वगळून केलेला अन्वय होय. पदें सर्व जागच्या जागीं, अर्थ मात्र लागत नाहीं.

४

आतां काल व कर्ता. मूर्तजा निजामशहा पहिला (राज्यकाल इ. स. १५६५ ते १५८८) याच्या अमदानींत हें काम झालें याविषयीं मतभेद नाहीं. आरंभ चंगेजखानाकडे देतात, पुढील काम न्यामतखानाकडे. शहास पहिली इमारत पसंत न पडल्यानें ती पाडून पुन्हां बांधली असेंही सांगतात. आणि समाप्ति इ. स. १५८३ (हिजरी ९९१) मध्यें, सलाबतखान दुसरा याच्या कारभारांत धरतात. चंगेजखान वऱ्हाड जिंकल्यानंतर, म्हणजे इ. स. १५७४ नंतर लवकरच, शहाच्या संशयास बळी पडून विषप्रयोगानें मेला. तेव्हां ज्यानें पाया घातला त्यानें कळस पाहिला नाहीं हें निश्चित. लोकांनींही पुढें सलाबतखानाचा न्याय केला तो असा कीं, शाहडोंगरावरील त्याच्या थडग्यास ते चांदबिबीचा महाल म्हणूं लागले. नगरांत इमारती टिकल्या, परंतु त्यांचीं नांवें टिकलीं नाहींत.

या काळाचीं मुख्य फार्सी साधनें दोन. एक फिरिश्ता, दुसरा सय्यद अली तबातबाचा बुर्हान-ए-मआसिर. पहिल्याचें इंग्रजी भाषांतर ब्रिग्जनें इ. स. १८२९ त केलें. दुसऱ्याचा निजामशाहीचा भाग हेगनें भाषांतरित केला व मूळ फार्सी ग्रंथ इ. स. १९३६ त छापला गेला. मूर्तजा हा ‘दीवाना’ होता, राज्यकारभार सोडून तो एकांतांत राही, दिल्लीहून आलेल्या फत्तेशाह नांवाच्या मर्जींतल्या माणसावर त्यानें जवाहीर उधळलें, फराहबागेंत त्याच्याशीं तो बुद्धिबळें खेळत बसे, इत्यादि हकीकतींचा उगम या परंपरेंतच आहे. अर्वाचीन लेखकांनीं त्या जशाच्या तशा उचलल्या आहेत.

आमचा आक्षेप असा. साक्षीदार काय म्हणतो एवढेंच न पाहतां तो कोणाच्या घरीं बसून म्हणतो हेंही पाहिलें पाहिजे. फिरिश्ता तरुणपणीं नगरच्या दरबारांत होता, शहाच्या रक्षकांत त्याची नेमणूक होती. म्हणजे तो जवळचा साक्षी खरा. परंतु इ. स. १५८९ त तो विजापुरास गेला आणि त्याचा ग्रंथ दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या आश्रयानें, निजामशाहीच्या प्रतिस्पर्ध्याच्या दरबारांत लिहिला गेला. तबातबानें नगरासच राहून लिहिलें, पण तें बुर्हाण निजामशहा दुसरा याच्यासाठीं, आणि ग्रंथाचें नांवच त्या बुर्हाणाच्या कीर्तीचें आहे. हा बुर्हाण म्हणजे मूर्तजाचा सख्खा भाऊ. त्यानें भावाविरुद्ध बंड केलें होतें व फसल्यावर अकबराच्या आश्रयास गेला होता. असा राजा आपल्या भावाचें राज्य वेड्याच्या हातीं होतें हें लिहविण्यांत स्वतःच्या बंडाचें समर्थन पाहणार नाहीं काय? एकूण दोन साक्षी, त्यांपैकीं एक प्रतिस्पर्ध्याच्या पदरीं व दुसरा भाऊबंदाच्या पदरीं. दोघेही खोटें बोलतात असें आमचें म्हणणें नाहीं. इ. स. १५८८ त मूर्तजाचा मुलगा मीरान हुसेन यानें त्यास हमामांत कोंडून मारविलें ही भयंकर गोष्ट दोघेही सांगतात व ती मानावीच लागते. परंतु ‘वेड्याचें विलासस्थान’ हा जो शिक्का या इमारतीवर बसला आहे तो इतिहासाचा निकाल नसून एका पक्षाची कैफियत आहे, एवढें ध्यानांत ठेवावें.

पद्यमय साधनांविषयीं तर अधिकच सावधगिरी पाहिजे. जुहूरीनें आपलें साकीनामा बुर्हाण दुसरा यास अर्पण केलें. तें फार्सी काव्याचें भूषण मानतात. परंतु कवीनें पाण्यास स्वर्गीय म्हटलें म्हणून गवंड्याच्या हिशेबांत भर पडत नाहीं. आपल्याकडील प्रशस्तिकाव्यांस आपण जो नियम लावतों तोच येथें लावावा: घटनेपुरती साक्ष ग्राह्य, विशेषणें त्याज्य.

५

ताजमहालाच्या कथेकडे वळूं. ती सांगणारांची अनुमानपद्धति अशी: शाहजहान दक्षिणेंत होता, फराहबक्ष दक्षिणेंत होता, दोन्ही इमारतींस घुमट, उंच कमानी, कापलेल्या कोपऱ्यांचा अष्टकोन व जवळ पाणी आहे, सबब एक दुसरीवरून घेतली. न्यायशास्त्र शिकणारा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही यांत व्याप्ति दाखवा म्हणेल.

शाहजहानाचा दक्षिणेशीं संबंध होता यांत वाद नाहीं. शाहजादा असतां तो दोनदां दक्षिणेच्या मोहिमेवर आला, बंडाच्या काळांत मलिक अंबराच्या आश्रयास राहिला, आणि मुमताजमहल ब-हाणपुरास १७ जून १६३१ रोजीं वारली. नगरचा किल्ला इ. स. १६०० पासून मोगलांच्या हातीं गेलेला होता. पण दर्शन व अनुकरण यांत अंतर आहे. अष्टकोनाच्या मध्यें घुमटाचें दालन, चार दिशांस चार मोठ्या कमानी व कोपऱ्यांत लहान खोल्या, ही हश्त बिहिश्त म्हणून ओळखली जाणारी मांडणी तैमुरी व इराणी परंपरेची आहे. पंधराव्या शतकांत तब्रीझ येथें याच नांवाचा महाल होता. दिल्लींत हुमायूनचा मकबरा याच मांडणीचा असून तो इ. स. १५७१ च्या सुमारास, म्हणजे फराहबक्ष पुरा होण्यापूर्वीं बारा वर्षें, उभा होता. शाहजहानाच्या कारागिरांस पणजोबांचें थडगें दिल्लींत डोळ्यांसमोर असतां नगरास येऊन नमुना शोधण्याचें प्रयोजन काय? दोन पाठ एकमेकांशीं जुळले म्हणजे एक दुसऱ्याची नक्कल असें हस्तलिखितें संपादणारा कोणीही म्हणत नाहीं. दोन्ही एका पूर्वप्रतीवरून उतरले असतील हें तो प्रथम तपासतो. येथें तर पूर्वप्रत डोळ्यांपुढें आहे. फराहबक्ष व ताज हे एका कुळांतले. त्यांचें नातें बापलेकांचें नव्हे, दूरच्या चुलतभावंडांचें आहे.

आणि ही कथा नाकारल्यानें फराहबक्षाचें काय कमी होतें? आमच्या मतें कांहींच नाहीं. उलट त्याची सुटका होते. ताज हें थडगें आहे, संगमरवरी आहे, आणि त्याचा मुख्य चौथरा नदीच्या कांठीं आहे, पाण्याच्या मध्यें नव्हे. फराहबक्ष जिवंत माणसांसाठीं होता, चुन्याचा व दगडाचा आहे, आणि पाण्यांतच उभा आहे. ताजाशीं तुलना करतांच पाहणाऱ्याच्या मनांत फराहबक्ष एक पडकें, काळवंडलेलें अनुकरण होऊन बसतो. मोठ्या घराण्याशीं सोयरिक सांगण्याच्या हौसेनें आपल्याच घरास गरीब ठरविण्याचा हा प्रकार आहे.

६

इमारतीच्या गुणदोषांविषयीं. तिचा पहिला गुण असा कीं, तिला पुढची व मागची बाजू नाहीं. कोणत्याही अंगानें पाहिलें तरी तीच भव्य कमान, तोच समतोल. जी वास्तु चोहोंकडून पाण्यांत प्रतिबिंबित व्हावयाची तिला पाठ असून चालत नाहीं. येथें मांडणी व हौद यांचा परस्परसंबंध स्पष्ट दिसतो. दुसरा गुण मधल्या दालनाचा. दोन्ही मजल्यांची उंची एकत्र घेऊन तें घुमटापर्यंत मोकळें जातें, आणि चारही कमानींतून येणारा वारा तेथें एकत्र होतो. पाण्यावरून आलेला तो वारा वैशाखांत काय सुख देत असेल याची कल्पना नगरच्या उन्हांत उभें राहिल्यावर सहज येते. तिसरा गुण चुन्याच्या कामाचा. दगड ओबडधोबड, पण त्यावरील गिलावा व नक्षी सफाईची. गवंड्यानें खर्च कोठें करावा व कोठें वांचवावा हें ओळखलें होतें.

दोष पाहूं गेल्यास, बाहेरच्या भव्यतेच्या मानानें आंतील लहान दालनें अंधारी व अडचणीचीं आहेत. राहण्याचें घर म्हणून पाहिलें तर ही इमारत अगदीं अपुरी: मुदपाकखाना, कोठार, जनानखाना, पागा यांची तजवीज तींत नाहीं. परंतु हा दोष कीं पुरावा? आमच्या मतें पुरावा. हें राहण्याचें घर नव्हतेंच. ही बैठक होती. राहणें भोंवतालच्या बागेंतील इतर इमारतींत. तेथेंच फत्तेशाहासाठीं बांधलेला लकडमहाल होता अशी परंपरा आहे. पाण्यावरील वाटेनें चालत येऊन, चारही बाजूंनीं आकाश व पाणी दिसेल अशा दालनांत राजासमोर उभें राहणें, हा अनुभव देण्यासाठीं ही वास्तु आहे. म्हणून तिला वाडा म्हणणेंही आम्हांस पटत नाहीं. जलमध्य सभागृह म्हणावें. अशी सभा भरविणारा राजा सर्वस्वीं जगापासून तुटलेला होता हें विधानही त्या मानानें सैल पडतें.

येथें एक तुलना केल्यावांचून राहवत नाहीं. विजापूरच्या इमारतींवर हेन्री कझिन्सचा मोठा ग्रंथ इ. स. १९१६ त निघाला. नगरच्या वांट्यास इ. स. १८८४ च्या मुंबई गॅझेटियरांतील वर्णन व सरदार मिरीकरांचा मराठी शहरेतिहास एवढेंच प्रदीर्घ काळ होतें. मिशेल व झेब्रोव्स्की यांनीं इ. स. १९९९ त दख्खनच्या सुलतानशाह्यांच्या कलेचा आढावा घेतला, आणि डॉ. पुष्कर सोहोनी यांचा निजामशाही वास्तूंवरील स्वतंत्र ग्रंथ इ. स. २०१८ त आला. म्हणजे कझिन्सनंतर शंभर वर्षांनीं. हे ग्रंथ इंग्रजी आहेत. नगरच्या इमारतींवर मराठींत त्या तोडीचा ग्रंथ व्हावा ही अपेक्षा गैर नव्हे. ज्या गांवांत दंतकथा मराठींत सांगितली जाते त्या गांवांत तिचें खंडनही मराठींत उपलब्ध असलें पाहिजे.

७

सांप्रतचा उपयोग. फराहबक्ष केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत आहे व भोंवतालीं लष्कराची वस्ती आहे. त्याच बाजूस लष्कराच्या चिलखती दलाचें रणगाड्यांचें संग्रहालय इ. स. १९९४ पासून आहे. तेथें मुलांच्या सहली येतात, आणि त्यांतील थोड्या या महालाकडेही वळतात. लष्करी हद्दीमुळें येण्याजाण्यास अडचण होते अशी कुरकुर ऐकूं येते; परंतु त्याच हद्दीमुळें महालाच्या भोंवतालची मोकळी जमीन घरांनीं गिळली नाहीं हेंही मान्य केलें पाहिजे. शहरांतील दुसरें उदाहरण पाहावें. चंगेजखानाच्या महालांत इंग्रजी अमदानींत न्यायाधीशाची कचेरी बसली. कचेरीनें भिंतींस चुना लावला, दारें बदललीं, मूळ रूप झांकलें. पण छप्पर गळूं दिलें नाहीं. उपयोगानें वास्तु विद्रूप होते व निरुपयोगानें नष्ट होते. या दोहोंच्या मधला मार्ग काढणें हीच संरक्षणाची विद्या.

इंग्लंडांतील केंट परगण्यांत आयथम मोट नांवाचें चौदाव्या शतकांतलें जलवेष्टित घर आहे. इ. स. १९५३ त एका अमेरिकन गृहस्थानें तें विकत घेतलें, डागडुजी केली, आणि इ. स. १९८५ त तें तेथील नॅशनल ट्रस्ट या लोकसंस्थेच्या स्वाधीन झालें. आज लोक तें पाहावयास जातात तें मुख्यतः पाण्यांतील त्याच्या प्रतिबिंबासाठीं. तेथें कोणास असें सुचलें नाहीं कीं, भिंती राखाव्या आणि पाणी जाऊं द्यावें.

तर मग फराहबक्षाच्या हौदांत पाणी भरावें काय? या प्रश्नास उतावळेपणानें होकार देणें आम्हांस मान्य नाहीं. दीर्घकाळ कोरड्या राहिलेल्या चुन्याच्या पायाभोंवतीं एकाएकीं पाणी उभें केलें तर लाभापेक्षां हानि अधिक होईल, आणि तें तद्विद अभियंत्यांनीं तपासल्यावांचून करूं नये. दुसरें असें कीं, शहर आज मुळा धरणाचें पाणी पितें, आणि जिल्ह्यांतील कित्येक गांवांस उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. त्या गांवांच्या डोळ्यांदेखत नळाचें पाणी आणून राजाच्या हौदांत ओतणें हें निजामशहास शोभलें; लोकराज्यास शोभणार नाहीं. आमची सूचना मर्यादित आहे. हौदांतील माती व झुडपें पुराव्याची नोंद ठेवीत काढावीं. पाणी येण्याजाण्याचीं मूळ द्वारें शोधून उघडीं करावीं. परीक्षेंत पाया भक्कम ठरल्यास आकाशांतून पडेल तेवढेंच पाणी त्यांत राहूं द्यावें. भाद्रपदांत हौद भरेल, माघांत आटेल. वर्षांतून चार महिने कां होईना, लोकांस ही वास्तु काय म्हणून बांधली तें दिसेल. आणि उरलेल्या आठ महिन्यांत हा मुलूख कोरडा आहे व येथें पाणी हेंच ऐश्वर्य होतें, हें कोरडा हौद सांगेल. दोन्ही पाठ खरे आहेत.

दुसरी सूचना आमच्या वाचकांस. फार्सी तवारिखा दरबाराच्या आहेत. त्यांत माळी, भिस्ती, नळवाला यांस स्थान नाहीं. तें स्थान दप्तरांतील कागदांत असतें. नगर, भिंगार, कापूरवाडी, वडगांव, शेंडी, भातवडी या बाजूंच्या जुन्या घराण्यांच्या रुमालांत बागेच्या इनामाच्या सनदा, पाण्याच्या पाळ्यांचे करीने, नळदुरुस्तीच्या खर्चाच्या यादी, मशिदीच्या हौदांबद्दलचे तंटे असे कागद असण्याचा संभव आहे. ज्यांच्या संग्रहांत असे कागद असतील त्यांनीं ते मोडी कीं फार्सी, फाटके कीं धड, याचा विचार न करितां त्यांची नक्कल संशोधकांस उपलब्ध करून द्यावी. नगरास इ. स. १९६० पासून ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. तेथें मूळ कागद ठेव म्हणून देण्यासही हरकत नसावी. कागद घरांत राहिला तर वाळवीचा होतो व बाजारांत गेला तर परदेशचा होतो, हें संग्राहकांस आम्हीं सांगावयास नको.

सारांश, फराहबक्ष हा खंदकाचा वाडा नव्हे, हौदांतील सभागृह होय. तो वेडाचें नव्हे, एका कोरड्या मुलखांतील राजसत्तेच्या अभिमानाचें स्मारक होय. आणि तो कोणाचा नमुना म्हणून नव्हे, स्वतःच्याच गुणांवर पाहण्यास योग्य आहे. पाण्याच्या एका पाळीचा साधा कागद कोणाच्या रुमालांत निघाला, तर या महालाच्या इतिहासांत तो ताजमहालाच्या दहा कथांपेक्षां अधिक मोलाचा ठरेल.